वाईट बातमी घरी नेण्याची वाट

मार्च २०१५ मध्ये बिहारच्या वैशाली जिल्ह्यातल्या महनार इथला एक फोटो जगभर फिरला. दहावीच्या परीक्षेचं केंद्र, अनेक मजली इमारत, आणि भिंतीला बिलगून, खिडक्यांच्या कडांवर पाय टेकवत वर चढलेली माणसं. आत पेपर लिहीत बसलेल्या पोरांपर्यंत चिठ्ठ्या पोचवायला ती चढली होती. त्यांत मित्र होते, तसे पालक आणि नातेवाईकही होते. लोक हसले, संतापले, आणि शेकडो परीक्षार्थींवर कारवाई झाली.

बिहारकडे बोट दाखवून आपल्याला मोकळं होता येत नाही. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्राने १९८२ मध्येच स्वतंत्र कायदा केला. तरीही दरवर्षी बारावीचे आणि दहावीचे पेपर सुरू झाले की कॉपीमुक्त अभियान, भरारी पथकं, बैठी पथकं, केंद्राच्या आसपासची झेरॉक्सची दुकानं बंद ठेवण्याचे आदेश, हे सगळं पुन्हा करावंच लागतं. आणि कुंपणाबाहेर घुटमळणाऱ्या गर्दीत आपल्याकडेही घरचीच माणसं असतात.

महनारच्या फोटोत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की त्या भिंतीवर प्रेमाची कमतरता कुठेच नव्हती. बेपर्वा बाप तीन मजले चढत नाही. मुलांच्या गैरवर्तनाचा विषय निघाला की आपण पहिल्यांदा म्हणतो, ‘घरच्यांचं लक्ष नाही.’ इथे लक्ष होतं, जीवही होता, तो जीव धोक्यात घालायची तयारीही होती. तरी त्या मुलाला घरून मिळालेला निरोप एवढाच होता की तू नापास झालास तर ते आम्हाला सोसवणार नाही, बाकी काहीही चालेल.

या प्रकरणात आपण विद्यार्थ्यांच्या अशा वागण्याकडे पाहणार आहोत ज्यातून त्यांचं स्वतःचंच शिक्षण बिघडतं. कॉपी करणं, मार्क लपवणं, प्रगतिपुस्तकावर आईची खोटी सही ठोकणं, क्लासला म्हणून निघून दुसरीकडेच जाणं, अभ्यास उद्यावर ढकलत राहणं, आणि परीक्षेच्या तोंडावर मुद्दाम स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. वरवर पाहिलं तर यांतल्या काही गोष्टी लबाडीच्या वाटतात, काही आळसाच्या, काही निव्वळ वेडेपणाच्या. माझं म्हणणं असं आहे की यांतल्या बऱ्याच गोष्टी एकाच कामासाठी केल्या जातात. घरी जाणारी वाईट बातमी अडवायची, लांबवायची किंवा तिचा रंग बदलायचा. म्हणून आई-वडील आणि मूल यांच्या नात्याबद्दल सर्वांत उपयोगी प्रश्न ‘प्रेम आहे का’ किंवा ‘शिस्त आहे का’ हा नाही. या घरात वाईट बातमी सुखरूप पोचते का, हा आहे.

*

या विचाराचं मूळ शाळेपासून फार लांब, तान्ह्या बाळांच्या अभ्यासात सापडतं. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९४४ मध्ये चोरी करणाऱ्या ४४ मुलांबद्दल एक निबंध प्रसिद्ध केला. त्या मुलांपैकी अनेकांच्या आयुष्यात आईपासूनची लांबलचक ताटातूट त्यांना दिसली. आजच्या कसोट्या लावल्या तर त्या अभ्यासात त्रुटी आहेत, पण बोल्बी त्याच धाग्यावर आयुष्यभर काम करत राहिले. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडातल्या खेड्यांत आणि मग अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये माय-लेकरांची बारकाईने निरीक्षणं केली. त्यांना दिसलं ते साधं आणि खोल होतं. आई आहे, आणि घाबरलो तर तिच्याकडे परतता येतं, अशी ज्या बाळाची खात्री असते ते आईला चिकटून बसत नाही. उलट तेच रांगत लांब जातं, अनोळखी खेळणं हाताळतं, पडलं की वळून येतं आणि पुन्हा निघतं.

शिकणं म्हणजे दुसरं काय असतं? न येणाऱ्या गोष्टीकडे जायचं, चुकायचं, परतायचं, पुन्हा जायचं. ज्याला परत येण्याची जागा पक्की ठाऊक आहे त्याला गणित न सुटण्याची भीती मर्यादेत ठेवता येते. वर्षाच्या बाळाच्या निरीक्षणावरून पंधरा वर्षांच्या मुलाच्या कॉपीचं भाकीत कोणी करू नये. मधल्या काळात शाळा, मित्र, पैसा, आजारपण असं पुष्कळ काही घडतं. पण परतीच्या जागेचा प्रश्न पंधराव्या वर्षीही सुटलेला नसतो. फक्त तो आता रडण्यातून न दिसता गुणपत्रिकेतून दिसतो.

आता खोटं बोलण्याकडे येऊ. व्हिक्टोरिया तलवार आणि कँग ली यांनी २०११ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या एका शहरातल्या दोन शाळांची तुलना प्रसिद्ध केली. दोन्हींत तीन-चार वर्षांची मुलं. एका शाळेत चुकलं की छडी, चापट, चिमटे. दुसरीत समज देणं किंवा फार तर रागावणं. मुलाला खेळण्याकडे पाठ करून बसवायचं, ‘मी येईपर्यंत वळून पाहू नकोस’ म्हणून सांगायचं आणि बाहेर जायचं, असा तो खेळ होता. दोन्ही शाळांतली बहुतेक मुलं वळून पाहत होती. तीन-चार वर्षांची मुलं पाहणारच. फरक नंतर दिसला. मार देणाऱ्या शाळेतली, चोरून पाहिलेली जवळपास सगळी मुलं ‘नाही पाहिलं’ म्हणाली. आणि ते खोटं पुढच्या प्रश्नांतही त्यांनी जास्त सफाईने निभावलं. छडीने वळून पाहणं थांबलं नव्हतं, फक्त लपवण्याचं कसब लवकर तयार झालं होतं.

हे वाचून आपण मुलाला कधी हात लावत नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकणाऱ्या पालकांसाठी दुसरा प्रयोग महत्त्वाचा आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांना आधी सोपी कोडी दिली. नंतर काहींना म्हटलं, ‘हुशार आहेस हं,’ आणि काहींना, ‘मेहनत घेतलीस हं.’ मग सगळ्यांना कठीण कोडी दिली, जी बहुतेकांना नीट सुटली नाहीत. शेवटी, दुसऱ्या शाळेतल्या एका अनोळखी मुलासाठी आपले गुण एका कागदावर लिहायला सांगितले. हुशारीची शाबासकी मिळालेल्या दर दहांपैकी जवळपास चार मुलांनी गुण फुगवून लिहिले. मेहनतीची शाबासकी मिळालेल्यांत हे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी होतं. कोणी धमकावलं नव्हतं, कोणी विचारणार नव्हतं. फक्त ‘हुशार’ हे पद मिळालं होतं आणि ते जाऊ द्यायचं नव्हतं. चीनमधल्या तीन आणि पाच वर्षांच्या मुलांवर २०१७ मध्ये झालेल्या प्रयोगातही असंच दिसलं, तिथे तर हुशारीच्या कौतुकानंतर मुलं जास्त लबाडी करताना आढळली. मारामुळे लपवण्याची सवय लागते आणि डोक्यावर ठेवलेल्या मुकुटामुळेही लागते, कारण दोन्हीकडे वाईट बातमीची किंमत फार मोठी झालेली असते.

*

सर्वांत चमत्कारिक वागणं आहे ते स्वतःच्या हाताने स्वतःचं नुकसान करून घेण्याचं. परीक्षेच्या आदल्या रात्री दोनपर्यंत मोबाइलवर वेब सिरीज पाहणारा मुलगा प्रत्येक शिक्षकाने पाहिलेला असतो. ‘मी काहीच वाचलं नाही’ हे तो सकाळी केंद्राबाहेर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो. घरचे कपाळाला हात लावतात: याला भविष्याची काळजीच नाही. खरं तर त्याला काळजी इतकी आहे की ती त्याला सोसत नाही.

१९७८ मध्ये स्टीव्हन बर्गलस आणि एडवर्ड जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगशाळेत पकडलं. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना बुद्धिमत्ता चाचणीसारखे प्रश्न दिले. काहींना सुटण्यासारखे, काहींना बहुतांश न सुटणारेच, जिथे अंदाजाने खूण करण्यापलीकडे काही शक्य नव्हतं. मग सगळ्यांना सांगितलं, तुमचे गुण उत्तम आहेत. आता दुसरी चाचणी होणार होती, आणि तिच्या आधी दोन औषधांपैकी एक निवडायचं होतं. एक बुद्धीला चालना देणारं, दुसरं बुद्धी मंदावणारं. (औषध प्रत्यक्षात कोणालाही दिलं नाही, पाहायची होती ती फक्त निवड.) ज्यांना आपलं यश कशाने मिळालं तेच कळलं नव्हतं, त्यांच्यातल्या बहुतेक तरुण मुलांनी बुद्धी मंदावणारं औषध मागितलं. मुलींमध्ये तो कल तसा दिसला नाही.

हे औषध म्हणजे आयती सबब. पेपर वाईट गेला तर दोष औषधाचा, चांगला गेला तर ‘औषध घेऊनही!’ दोन्हीकडून अब्रू शाबूत. आदल्या रात्रीची वेब सिरीज हेच औषध आहे. ‘अभ्यास केला नाही म्हणून कमी पडले’ हे वाक्य घरी बोलता येतं. त्यावर रागावणं होतं, मोबाइल जप्त होतो, आणि दोन दिवसांत सगळं मावळतं. ‘मनापासून अभ्यास केला आणि तरी कमी पडले’ हे वाक्य मात्र त्याला घरी नेता येत नाही, कारण त्यावर आई-बाबांच्या चेहऱ्यावर जे उमटेल त्याची त्याला भीती असते. आळशी म्हणवून घेणं परवडतं, कमी वकुबाचा ठरणं परवडत नाही. या वागण्याची मुळं बालपणात असावीत, प्रेम कर्तृत्वाच्या मोबदल्यात मिळतं असं ज्याला वाटतं तो मुलगा हे शिकत असावा, असा तर्क या दोघांनी मांडला होता.

पंचवीस-सव्वीस वर्षांनी अशा मोबदल्याच्या प्रेमाचा परिणाम थेट तपासला गेला. अव्ही असोर, गाय रोथ आणि एडवर्ड डेसी यांनी २००४ मध्ये महाविद्यालयीन मुलांना विचारलं: तुम्ही यशस्वी झालात, अभ्यास केलात, शहाण्यासारखं वागलात की आई-वडिलांची माया वाढायची आणि नाही तर आटायची, असं तुम्हाला लहानपणी जाणवलं का? ज्यांना जाणवलं होतं ती मुलं अपेक्षेप्रमाणे वागतही होती, म्हणजे पालकांचा उपाय ‘लागू’ पडला होता. पण ती आतल्या सक्तीने वागत होती. यशाचा आनंद त्यांना थोडाच वेळ पुरायचा, अपयशानंतरची शरम मोठी असायची, आणि आई-वडिलांबद्दल मनात अढी होती. हा निष्कर्ष मला या सगळ्या संशोधनात सर्वांत दुःखद वाटतो. असे पालक दुष्ट नसतात. निकालाच्या दिवशी आई फक्त जेवणाचं ताट न बोलता पुढे ठेवते. बाबा फक्त दोन दिवस पेपरमधून मान वर काढत नाहीत. कोणी ओरडलेलं नसतं, कोणी मारलेलं नसतं, पण घरातलं हवामान बदलतं आणि आपल्या ८८ टक्क्यांमुळे ते बदललं हे मुलाला बरोबर कळतं.

कडकपणा आणि हे मौन यांत गल्लत होते, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. ब्रायन बार्बर यांनी १९९६ मध्ये पालकांच्या नियंत्रणाचे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे केले. एक वागण्यावरचं नियंत्रण: रात्री दहानंतर मोबाइल नाही, क्लास बुडवायचा नाही, कुठे जातोस ते सांगून जायचं. दुसरं मनावरचं नियंत्रण: आम्ही पोटाला चिमटा काढून तुला शिकवतो आणि तू हे पांग फेडतोस, शेजारच्या पोरीकडे बघ, आता तोंड दाखवायला जागा राहिली नाही. पहिल्या प्रकाराने मुलं सहसा बिघडत नाहीत. नियम नसलेल्या घरांतली मुलंच जास्त भरकटतात. हानी होते ती दुसऱ्या प्रकाराने. कडक बाप आणि असुरक्षित घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मवाळ बोलणाऱ्या घरातही दुसरी सापडते.

अभ्यास पुढे ढकलण्याबाबतही असंच काहीसं दिसतं. जोसेफ फेरारी आणि मायकेल ऑलिव्हेट यांनी १९९४ मध्ये तरुण मुलींच्या चालढकलीचा आणि त्यांच्या वडिलांच्या हुकूमशाही वळणाचा संबंध नोंदवला. ज्या घरात तोंडावर ‘नाही’ म्हणता येत नाही तिथे ‘उद्या करते’ हाच नकार होतो.

*

पालकांचा ताण मुलापर्यंत कसा पोचतो हे वेंडी ग्रॉलनिक यांच्या एका प्रयोगात फार स्पष्ट दिसतं. तिसरीतली मुलं आणि त्यांच्या आया. मुलाने नकाशा वाचायचा आणि एक छोटी कविता रचायची, आईने सोबत बसायचं. काही आयांना सांगितलं की मुलाची नंतर चाचणी होईल, त्याने नीट करावं ही जबाबदारी तुमची. काहींना तसं काही सांगितलं नाही. जबाबदारीचं ओझं मिळालेल्या आया, विशेषतः मुळात ताबा ठेवण्याकडे कल असलेल्या, जास्त सूचना देऊ लागल्या, उत्तरं सांगू लागल्या, मुलाच्या हातातलं काम आपल्या हाती घेऊ लागल्या. आणि पुढे मुलं एकटी बसली तेव्हा ज्यांच्या आयांनी जास्त ताबा घेतला होता त्यांचं काम कमी पडलं. एका वाक्याने आयांचं वागणं बदललं. आपल्याकडे दहावीच्या वर्षी आईला असं वाक्य कोण कोण ऐकवतं ते मोजून पाहावं: शाळा, क्लास, सासर, माहेर, सोसायटीतल्या बायका, व्हॉट्सॲपवरचा पालकांचा ग्रुप. मुलाच्या निकालात आईचा निकाल लागतो असं मानणारा समाज आईला कडेवरच्या मुलासकट भिंतीवर चढवतो. म्हणून या विषयावर बोलताना आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं मला मान्य नाही.

शाळेच्या ‘प्रोजेक्ट’ची गोष्ट यातच येते. थर्माकोलचा किल्ला रात्री बारापर्यंत बाबा कापतात, आई रंगवते, आणि सकाळी मुलगा तो स्वतःच्या नावावर देतो. घरात कोणालाच हे खोटं वाटत नाही. पण दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवणं मूल पहिल्यांदा इथेच करतं, तेही घरच्यांच्या देखत, कौतुकात. पुढे त्याने इंटरनेटवरून निबंध उचलला तर त्याला त्यात वेगळं काय वाटणार?

अपेक्षा ठेवूच नये असा याचा अर्थ नाही. कौ मुरायामा आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतातल्या ३,५३० विद्यार्थ्यांचा अनेक वर्षांचा मागोवा घेऊन २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. पालकांच्या आकांक्षेने मुलांचं गणित सुधारतं. पण ती आकांक्षा मुलाला गाठणं शक्य आहे असं पालकांनाही खरोखर वाटतं त्याहून वर गेली, की गणित घसरायला लागतं. मुलाला ६० टक्क्यांची झेप आहे हे मनोमन ठाऊक असताना ‘नव्वद हवेतच’ म्हणणारा पालक कळत-नकळत मधल्या तीस टक्क्यांची सोय मुलावर सोपवतो. ती सोय मूल कुठून करणार? मायक्रो झेरॉक्स केलेल्या चिठ्ठ्या विकत मिळतात.

*

‘मग लक्ष ठेवू नये का?’ हा प्रश्न पालक विचारतात, आणि तो रास्त आहे. हल्ली लक्ष ठेवण्याची साधनं भरपूर आहेत. मूल क्लासच्या दारात शिरलं की बाबांच्या मोबाइलवर संदेश, टेस्ट सिरीजचा रँक त्याच रात्री आईच्या मोबाइलवर, वर्गात कॅमेरा. पालकांना वाटतं आता आपल्याला सगळं माहीत आहे.

हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या मुलांवर केलेला, २००० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या समजुतीला धक्का देतो. तोवर संशोधक असं धरून चालले होते की ज्या पालकांना मुलांचं सगळं माहीत असतं ते चांगली देखरेख करतात आणि म्हणून मुलं वाया जात नाहीत. या दोघांनी विचारलं, ही माहिती पालकांकडे येते तरी कुठून? उत्तर मिळालं की मुख्यतः मुलं स्वतःहून सांगतात म्हणून. खोदून विचारणं आणि पहारा यांचा वाटा त्यामानाने लहान होता. मूल सांगतं, म्हणून पालकांना कळतं, म्हणून वेळीच सावरता येतं. सांगणं थांबलं की पहाऱ्यातून जे हाती लागतं ते वरवरचं असतं. हजेरीचा संदेश मुलगा क्लासमध्ये शिरला एवढंच कळवतो. बाकावर बसून तो तीन महिने काहीही न समजता वही उतरवून घेतोय, हे तो मुलगाच सांगू शकतो, सांगावंसं वाटलं तर.

आणि सांगावंसं कधी वाटतं? महात्मा गांधींच्या आत्मकथेत याचं एक उदाहरण आहे, तपशिलाने वाचण्यासारखं. राजकोटच्या हायस्कुलात पहिल्याच वर्षी जाइल्स नावाचे निरीक्षक आले आणि त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहायला दिले. ‘केटल’ शब्द गांधींचा चुकला. मास्तरांनी बुटाच्या टोकाने खुणावलं, शेजाऱ्याच्या पाटीवर बघ. मास्तर कॉपी करायला सांगतायत हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही, आणि एकट्या त्यांचंच उत्तर चुकीचं राहिलं. ही गोष्ट आपण मुलांना प्रामाणिकपणाचा धडा म्हणून सांगतो. पण याच मुलाने पुढे पंधराच्या सुमाराला चोरी केली. भावावर पंचवीसेक रुपयांचं कर्ज झालं होतं, ते फेडायला त्याच्याच हातातल्या सोन्याच्या कड्याचा तुकडा काढला. म्हणजे प्रामाणिकपणा हा त्या मुलाला जडलेला कायमचा गुणधर्म नव्हता. चोरी मनाला सलू लागल्यावर त्यांनी वडिलांना चिठ्ठी लिहिली, कबुली दिली, शिक्षा मागितली, आणि माझ्या चुकीचा त्रास स्वतःला करून घेऊ नका अशी विनवणी केली. करमचंद गांधी आजारी होते, फळीवर पडून असत, स्वभावाने तापट. मुलाला वाटलं आता ते कपाळ बडवून घेतील, कडक बोलतील. ते उठून बसले, चिठ्ठी वाचली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी कागद फाडून टाकला.

करमचंद आधुनिक अर्थाने हळुवार पालक नव्हते. मुलाला त्यांच्या रागाची कल्पना होती आणि तरीही चिठ्ठी देता आली. आपली बातमी मोठी आहे, पण आपलं नातं तिच्याहून मोठं आहे, एवढा हिशोब त्याच्या मनात कुठेतरी पक्का असणार. गांधींनी लिहिलंय की त्या कबुलीने वडील आपल्याबद्दल निःशंक झाले आणि त्यांचं प्रेम वाढलं. पहाऱ्यातून इतकी निश्चिंती कुठल्या बापाला मिळालेली नाही.

*

पण सगळं घरावर ढकलून चालणार नाही, घराचं माप घराइतकंच असावं. ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या हजारो शाळकरी मुलांना लबाडीची संधी मिळेल अशा कितीतरी परिस्थितींत ठेवून पाहिलं. एका ठिकाणी फसवणारं मूल दुसऱ्या ठिकाणी सरळ वागत होतं. पकडलं जाण्याची शक्यता, वर्गाचं वळण, शिक्षक, यांनी पुष्कळ काही ठरत होतं. डोनाल्ड मॅकेब यांनी महाविद्यालयांत वर्षानुवर्षं केलेल्या पाहण्यांत कॉपीचा सर्वांत घट्ट संबंध सोबतचे विद्यार्थी काय करतात याच्याशी निघाला. जिथे केंद्रच ‘मॅनेज’ असतं, फळ्यावर उत्तरं लिहिली जातात, तिथे सुरक्षित घरातलं मूलही उत्तर उतरवून घेईल. शिवाय घराबद्दलचे बहुतेक अभ्यास फक्त संबंध दाखवतात, कारण नाही. मूल आधीच चिडखोर, विसराळू किंवा वाचायला अडखळणारं असेल तर पालकही हळूहळू कडक होत जातात, हेही खरंच. रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं की अमेरिकन मोजपट्टीवर ‘हुकूमशाही’ ठरणाऱ्या चिनी मातांच्या कडकपणामागे काळजी आणि कष्ट असतात. आपल्याकडेही ‘अण्णा रागावतात’ याचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा. ऊसतोडीला सहा महिने गाव सोडणाऱ्या आई-बापाचं मूल आजीजवळ राहून शाळा बुडवतं, तेव्हा तिथे नात्याचं मानसशास्त्र सांगत बसणं अन्याय होईल.

तरी जिथे हातात काही आहे तिथे ते कुठून धरावं? माझ्या मते निकालाच्या दिवसापासून. इतर ३६४ दिवस आपण काय बोललो हे मूल विसरतं, त्या दिवशी आपण काय केलं हे विसरत नाही. ‘किती मिळाले?’ याच्या आधी ‘जेवलास का?’ विचारता येतं. प्रगतिपुस्तकावर सही करताना न रागावणं जमलं नाही तरी रागावून झाल्यावर ‘चल, कुठला धडा अडला ते दाखव’ एवढं म्हणता येतं. आणि शेजारच्या मुलीचं नाव त्या दिवशी पूर्ण टाळता येतं. यातल्या कशानेही मुलाचे मार्क लगेच वाढणार नाहीत. पुढच्या वेळची बातमी मात्र वेळेवर येईल.

वेळेवर येण्याला महाराष्ट्रात अगदी व्यवहारी अर्थ आहे. दहावीत नापास होणं हा आज शेवट नाही. गुणपडताळणी करता येते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, तिच्यावरून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळू शकतो, आणि राहिलेल्या विषयांची पुरवणी परीक्षा काही आठवड्यांतच असते. पण या प्रत्येक गोष्टीला निकालानंतर मोजके दिवस मिळतात, शुल्क भरावं लागतं, शाळेत फॉर्म द्यावा लागतो. घरी सांगायला घाबरलेला मुलगा ‘साइट चालत नाही’, ‘शाळेने अजून दिलं नाही’ असं म्हणत चार-पाच दिवस काढतो, आणि तेवढ्यात मुदत निघून जाते. पहिल्याच संध्याकाळी ज्याने आईला मोबाइलवरचा निकाल दाखवला, त्याची आई दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याबरोबर शाळेच्या ऑफिसात फॉर्म भरत असते.